मृत्युपत्र आणि कुलमुखत्यारपत्र : खर्च थोडा, मोल मोठे



परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत समाजात घरोघरी परिचित आहे. मात्र जो परिग्रह साठला, त्याची पुढील व्यवस्था लावण्याचे काम "आताच कशाला?" या एका प्रश्नावर वर्षानुवर्षे अडून राहते. त्यामागे अशुभाची शंका असते, तशीच खर्चाची धास्तीही असते.

वस्तुतः मृत्युपत्रास मुद्रांक शुल्क लागतच नाही. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ते साध्या कागदावरही चालते. करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक असतात. लाभार्थीस साक्षीदार करू नये, हे शहाणपणाचे. नोंदणी ऐच्छिक असून महाराष्ट्रात तिचे शुल्क १०० रुपये आहे. खरा खर्च वकिलाच्या फीचा. ती आधीच विचारून ठरवावी. वृद्धापकाळी डॉक्टरांचा दाखला जोडल्यास पुढील वाद टळतात. हयातीत मृत्युपत्र केव्हाही बदलता येते.

कुलमुखत्यारपत्राचे गणित निराळे. महाराष्ट्रात जवळच्या आप्तास विनामोबदला अधिकार दिल्यास मुद्रांक ५०० रुपयांचा. परंतु परक्यास स्थावर विकण्याचा अधिकार दिल्यास खरेदीखताइतके शुल्क पडू शकते.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. वडील अंथरुणास खिळतात. थोरला मुलगा कुलमुखत्यारपत्राच्या आधारे बँक, दुकान, भाडे सारे सांभाळतो. वडिलांच्या निधनानंतर तोच कागद घेऊन तो बँकेत जातो आणि तेथे कळते की, कागदाचा अधिकार वडिलांबरोबरच संपला. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली, तरी मुखत्यारी संपते. कुलमुखत्यारपत्र मृत्युपत्राची जागा घेऊ शकत नाही, ते यामुळेच.

मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू होतो. त्यानुसार पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास मृताची आई यांना समान हिस्सा मिळतो. तीन अपत्ये असलेल्या घरात, जिने तो संसार उभा केला तिच्या वाट्याला पतीच्या घराचा चतुर्थांश येतो, आणि सासूबाई हयात असल्यास त्याहूनही कमी. अपंग अपत्यासाठी वेगळी तरतूद होत नाही. सेवा करणाऱ्या पुतण्याला काही मिळत नाही. मनात योजलेले दान मनातच राहते.

शंभर-पाचशे रुपये आणि एका वकिलाची फी वाचविण्यासाठी भावाभावांत अबोला आणि न्यायालयाच्या वाऱ्या पत्कराव्यात काय? बुद्धी सावध आहे आणि हात थरथरत नाही, तोवरच ही सही व्हावी. मागे राहणाऱ्यांना कलहापासून वाचविणे, ही देखील अहिंसाच होय.

जय जिनेंद्र!