कॅप्टन कृष्णन नायर : सैन्यातून पेढीवर
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने आम्हांस 'उद्योग आणि आपला तरुण' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. आमची हयात खडू-फळ्याजवळ गेली. उद्योगाविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय! तथापि एका गृहस्थांचे चरित्र बरीच वर्षे आमच्या मनात घर करून आहे, ते सांगतो. हे गृहस्थ आपल्या ज्ञातीचे नव्हेत, आपल्या प्रांताचेही नव्हेत. पण त्यांचे कर्तृत्व फळास आले ते आपल्या मुंबईत.

कृष्णन नायर यांचा जन्म ९ फेब्रुवारी १९२२ रोजी केरळातील कण्णूरच्या परिसरात, बेताच्या परिस्थितीतील घरी झाला. तो मुलूख हातमागाचा. नायर सैन्यात गेले, कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत चढले. १९५० साली त्यांचा विवाह लीला या नावाच्या मुलीशी झाला आणि १९५१ साली सैन्य सोडून ते श्वशुरांच्या कापडधंद्यात शिरले.

येथे आम्हांस थोडे थांबणे भाग आहे. सासऱ्याच्या पेढीवर बसणाऱ्या जावयाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो, हे सर्व जाणतात. आमच्या श्वशुरांचे तालुक्याच्या गावी कापडाचे दुकान होते. त्यांना पुत्र नव्हता. त्यांनी एकदा, अगदी संकोचाने, आम्हांस विचारले. आम्ही नकार दिला. शाळा आम्हांस प्रिय होती हे खरे. परंतु तो नकार शाळेच्या प्रेमातून आला नव्हता, लोक काय म्हणतील या भयातून आला होता. पुढे दुकान मोडले. फळ्या उतरवून नेल्या त्या दिवशी आमच्या घरातून दिवसभर शब्द निघाला नाही.

नायरांनी ही लाज बाळगली नाही. ते कापड घेऊन परदेशी व्यापाऱ्यांकडे गेले. १९५८ च्या सुमाराची एक हकिगत मोठी गमतीची आहे. मद्रासकडील चौकड्यांचे कापड त्यांनी विल्यम जेकबसन नामक अमेरिकन व्यापाऱ्यास विकले. ते वनस्पतिज रंगांत रंगविलेले. धुताना रंग सुटणार, हे त्यांनी बजावले होते म्हणतात. ब्रुक्स ब्रदर्सच्या दुकानांतून त्याचे कपडे विकले गेले, पण ही सूचना काही गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचली नाही. कपडे यंत्रात धुतले गेले आणि रंग वाहू लागले! ओरड झाली. तेव्हा रंग सुटणे हाच त्या कापडाचा अस्सलपणा, अशी जाहिरात झाली, आणि दोषाची फॅशन बनली. गिऱ्हाइकास आधी खरे सांगितले असते तर ओरडच झाली नसती, हे आमचे शिक्षकी मत.

साठी उलटल्यावर, आमच्या वयाचे लोक माळ हाती घेतात त्या काळात, नायरांनी मुंबईच्या विमानतळाजवळ सहार येथे भव्य हॉटेल उभारले. नाव दिले पत्नीचे, लीला. मागाहून गोवे, बंगळूर, उदयपूर, दिल्ली, चेन्नई. २०१० साली पद्मभूषण मिळाले. २०१३ साली पुत्राच्या हाती सूत्रे देऊन १७ मे २०१४ रोजी ते निवर्तले.

पुढील भाग वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हॉटेले कर्जावर उभी होती, आणि व्याज कोणाच्या कीर्तीकडे पाहत नाही. गोव्याचे हॉटेल आधीच विकले गेले होते. २०१९ साली बंगळूर, चेन्नई, दिल्ली आणि उदयपूर येथील हॉटेले सुमारे ३,९५० कोटी रुपयांस ब्रुकफील्ड या कॅनडाच्या कंपनीकडे गेली. त्यांच्याबरोबर 'लीला' हे नावही गेले. मुंबईची मूळ वास्तू तेवढी जुन्या कंपनीकडे राहिली. पत्नीचे नाव परक्यांच्या मालकीचे झाले, ही गोष्ट आम्हांस कर्जाच्या आकड्याहून अधिक बोचते.

यंदा आपल्यातील एक तरुण सैन्यातून निवृत्त होऊन परतला. त्याच्या सासऱ्यांची तेलघाणी आहे. जावे की न जावे, हे विचारावयास तो एका सायंकाळी आमच्याकडे आला. आम्ही त्यास कॅप्टन नायरांची सर्व हकिगत सांगितली आणि आमच्या श्वशुरांच्या दुकानाचीही. 'गुरुजी, पाटीवर नाव कोणाचे असावे?' एवढेच त्याने विचारले. ते सासऱ्यांनाच विचार, असे आम्ही म्हणालो. गेल्या सोमवारपासून तो घाणीवर बसतो. पाटी अद्याप जुनीच आहे.