बांधलेला ग्राहक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मोबाईल टेलिफोनचा विषय अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात आला असेल. बँकेचा सांकेतिक क्रमांक, मुलाच्या परीक्षेचा अर्ज, अडल्यावेळी दवाखान्याची गाडी, हे सारे आज त्या यंत्रावर अवलंबून आहे. ज्या वस्तूवाचून माणसाचे अडते, ती विकणाऱ्याची मुजोरी कशी वाढते, हे आपण रेशनच्या दुकानापासून पाहत आलो आहोत.

या मुजोरीचे मूळ समजून घ्यायचे तर अमेरिकेतील एक प्रकरण पाहावे. अ‍ॅपल कंपनीने २९ जून २००७ रोजी आयफोन बाजारात आणला आणि त्या देशात तो एकट्या एटी अँड टी या कंपनीच्या सेवेवर चालेल, असा मक्ता तिला दिला. घेणाऱ्याने दोन वर्षांचा करार करावयाचा आणि मुदतीपूर्वी सोडल्यास दंड भरावयाचा. फोनला मागणी प्रचंड आली, परंतु न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को यांसारख्या शहरांत बोलणे मध्येच तुटू लागले. डिसेंबर २००९ मध्ये कंपनीच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने दोष कोणाला द्यावा? तीन टक्के ग्राहक चाळीस टक्के वहन खातात, त्यांना आवरावे लागेल, असे त्याने सुचविले. खानावळवाल्याने ताटाचे पैसे आगाऊ घ्यावेत आणि भात कमी पडताच जेवणाऱ्याला अधाशी म्हणावे, त्यातलाच हा प्रकार! जून २०१० पासून नव्या ग्राहकांना अमर्याद वापराची योजना मिळेनाशी झाली. दुसऱ्या कंपनीकडे हा फोन गेला तो फेब्रुवारी २०११ मध्ये. फ्रान्समध्ये मात्र तेथील स्पर्धा परिषदेने ऑरेंज कंपनीचा असाच मक्ता डिसेंबर २००८ मध्येच स्थगित केला होता. म्हणजे हा काही यंत्रशास्त्राचा अटळ नियम नव्हे.

ग्राहकाला सोडून जाता येत नसेल, तर वाईट सेवेची किंमत कंपनीला मोजावीच लागत नाही. आपल्याकडे ही बेडी क्रमांकाच्या रूपाने होती. कंपनी बदलली की क्रमांक जाई, म्हणून माणूस गप्प बसे. जानेवारी २०११ पासून क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर झाली. ती उपयोगी आहे. परंतु ज्या गावात एकाच कंपनीचा मनोरा आहे, तेथील माणसाने बदलून जावे तरी कोठे?

भरपाईचा मार्गही सरळ गेला नाही. तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, ग्राहकाच्या खात्यात जमा करावेत, असा नियम दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१५ साली केला. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवून रद्द केला. दोन टक्क्यांपर्यंत कॉल तुटण्याची मुभा नियामकानेच दिलेली असताना ती पाळणाऱ्यालाही दंड कसा, हा न्यायालयाचा आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नियम घाईने लिहिला की तो कंपन्यांच्याच कामी येतो. २०२४ च्या नियमांनुसार जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद राहिली तर भरपाई द्यावी लागते. रोज तासाभरासाठी जाणाऱ्या सेवेचे काय, याचे उत्तर त्यात नाही.

आकाशातील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. या मालमत्तेवर धंदा करणाऱ्याला जाब विचारण्याची एक जागा मध्यंतरी बंद झाली होती. २००९ च्या एका निकालामुळे टेलिफोनच्या तक्रारींना ग्राहक न्यायालयाचे दार मिटले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाजगी कंपन्यांच्या बाबतीत ते मोकळे केले.

तेव्हा प्रत्येक शाखेने एक वही घालावी. गाव, कंपनी, तारीख, सेवा किती वाजता गेली आणि कधी आली, कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक, एवढ्या नोंदी पुरेत. सहा महिन्यांच्या नोंदी हाती आल्या की जिल्हा ग्राहक आयोगापुढे जाता येईल. अर्जाचा मसुदा आपले वकील मित्र करून देतील. वही मात्र आपल्यालाच लिहावी लागेल.