गळ्यातील नळी आणि भोवतालचे हात



गळ्याला छेद देऊन ज्याच्या श्वासनलिकेत नळी बसविलेली असते, त्या रुग्णाला संकटसमयी बहुधा हाक मारता येत नाही. श्वास स्वरयंत्रापर्यंत न पोहोचता नळीवाटेच बाहेर पडतो. मग आवाज निघणार कोठून? ट्रॅकिओस्टॉमी म्हणतात ती हीच.

शस्त्रक्रिया निष्णात हातांनी थोड्या वेळात पार पडते. खरी कसोटी त्यानंतरची. नळी चिकट स्रावाने तुंबते, कूस बदलताना सरकते, आणि प्राणवायूवाचून मेंदू काही मिनिटेच तग धरू शकतो. त्या घटकेला शल्यविशारद बहुधा जवळ नसतात. असतात त्या रात्रपाळीच्या परिचारिका, एखादे निवासी डॉक्टर आणि वॉर्डातील मामा-मावशी. ब्रिटनमध्ये श्वसनमार्गाच्या गंभीर दुर्घटनांचा देशव्यापी अहवाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागातील दुर्घटनांमागे नळी सरकणे हे एक ठळक कारण त्यात आढळले, आणि प्रशिक्षणातील उणिवांवरही त्याने बोट ठेवले.

यावरचा उपाय म्हणजे रंगीत तालीम. नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्डाल यांनी १९६० मध्ये तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी एक पुतळी घडविली. आजचे गळ्यात नळी असलेले पुतळे हे तिचेच वारस. प्रशिक्षक पुतळ्याची नळी गुपचूप बंद करतो. पडद्यावरील प्राणवायूचा आकडा उतरू लागतो. आता मदतीस बोलवावयाचे, तोंड आणि गळा दोन्हीकडे प्राणवायू द्यावयाचा, आतली नळी काढून पाहावयाची, सक्शनची नळी सहज आत जाते का हे तपासावयाचे. जात नसेल, तर फुगा रिकामा करावयाचा. तरीही रुग्ण सुधारत नसेल, तर गळ्यातील नळीच काढून टाकावयाची आणि तोंडावाटे श्वास द्यावयाचा.

हा क्रम भिंतीवरील तक्त्यावरूनही पाठ होतो. पाठ होत नाही ते धैर्य. समोर वरिष्ठ डॉक्टर उभे असताना, ‘सर, नळी काढावी लागेल’ हे वाक्य कनिष्ठ परिचारिकेच्या तोंडून फुटावे लागते, आणि सरांनी ते ऐकावे लागते. शब्दांचाही घोटाळा आहेच. नळीभोवतीच्या फुग्याला इंग्रजीत ‘कफ’ म्हणतात आणि मराठीत कफ म्हणजे बेडका! ‘कफ काढा’ या आज्ञेचा अर्थ घाईत प्रत्येकाने निराळा घेतला तर काय व्हावे? तालमीत अशी चूक झाली तर पुतळ्याचे काही बिघडत नाही.

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण पुण्यात ९ मार्च २०२० रोजी आढळले. पुढील काळात प्रदीर्घ काळ कृत्रिम श्वसनावर राहिलेल्या अनेक रुग्णांना ट्रॅकिओस्टॉमी करावी लागली, तीही संरक्षक पोशाखात, जेथे शेजाऱ्याचे बोलणेही धड ऐकू येत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात कौशल्य-प्रयोगशाळा अनिवार्य झाल्या आहेत. म्हणजे पुण्यासारख्या महाविद्यालयांच्या शहरात जागा आणि पुतळे यांची वाण नाही. परंतु डॉक्टरांनी एकीकडे आणि परिचारिकांनी दुसरीकडे सराव केला, तर तो अर्धाच. संकट त्यांना एकत्र गाठते. यंत्रावर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते, तालमीच्या तासावर लागत नाही. त्यासाठी निधी मागावयास फारसे कोणी येत नसावे, ते कदाचित यामुळेच.

एक भेद तर जीवनमरणाचा आहे. कर्करोगामुळे ज्याचे स्वरयंत्रच काढले आहे, त्याला तोंडावाटे श्वास देऊन उपयोग नाही. त्याचा मार्ग गळ्यातूनच. ब्रिटनमधील पद्धतीनुसार अशा रुग्णाच्या उशाशी लाल फलक आणि इतरांच्या उशाशी हिरवा फलक लावतात. तंबाखूने घरे पोखरलेल्या आपल्या प्रदेशात हा लाल फलक प्रत्येक वॉर्डाला ठाऊक हवा.

रुग्ण घरी जातो, तेव्हा पथकाची जागा कुटुंब घेते. घरातील किमान दोघांनी जाण्यापूर्वी पुतळ्यावर सक्शन करून, नळी बदलून पाहावी. एकजण तरी कधी बाहेरगावी जाणारच. सोबतच्या पिशवीत त्याच मापाची एक नळी, एक माप लहान दुसरी, फीत आणि कात्री असावी. वीज गेल्यास उपयोगी पडेल असे पायाने चालणारे सक्शन यंत्रही मिळते. आणि रुग्णाच्या हाताला सहज लागेल अशी, उशाजवळ एक घंटी.