परदेशी शिक्षणाचा पुरस्कर्ता आणि परतीचे वचन
(ज्ञातिमंडळाच्या विसरवाडी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहो. आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंतचे. हयात या परिसरातील मुलांना अक्षरे गिरवावयास लावण्यात गेली. तेव्हा अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणावर आम्ही बोलावे याचे काहींस नवल वाटेल. परंतु त्यामागे आमच्या हातून घडलेली एक चूक आहे. ती प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वी आपल्यातीलच एक गृहस्थ एक इंग्रजी कागद घेऊन आमच्याकडे आले. त्यांची कन्या एम.बी.बी.एस. झालेली, पुढील शिक्षण अमेरिकेत घेण्याची तिची इच्छा. शहरातील एका दलालाने ‘मुलीस स्पॉन्सर मिळवून देतो’ असे लिहून दिले होते. आम्ही चष्मा लावून कागद वाचला आणि ‘ठीक दिसते’ म्हणालो. गुरुजींचा होकार मिळाला म्हणून त्यांनी शेताचा तुकडा विकला. पैसे गेले, स्पॉन्सर आला नाही. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही, हेच अधिक बोचते. पुढे आम्ही हा विषय शिकावयास बसलो, आणि शिकविणारी तीच कन्या होती.

बंधुहो, पहिली गोष्ट अशी की येथे स्पॉन्सर म्हणजे पैसा देणारा धनिक नव्हे. अमेरिकेत डॉक्टरांना रुग्णालयात पगारी उमेदवारी करावी लागते. तिला रेसिडेन्सी म्हणतात. वेतन रुग्णालय देते. त्यासाठी जाणाऱ्या परदेशी डॉक्टरांपैकी पुष्कळ जण ‘जे-१’ व्हिसावर जातात, आणि या व्हिसाची पुरस्कर्ती संस्था एकच : फिलाडेल्फिया येथील ई.सी.एफ.एम.जी. ती प्रथम परीक्षांतील यश व पदवी पडताळून प्रमाणपत्र देते. मग रुग्णालयाच्या जागेसाठी निवड व्हावी लागते. तिचा निकाल दरवर्षी मार्च महिन्यात लागतो. निवड झाल्यावरच पुरस्काराचा अर्ज. म्हणजे आधी गुण, मग जागा, शेवटी पुरस्कर्ता. जो दलाल पुरस्कर्ता आधी देऊ करतो, तो छपराचे पैसे पायाआधी मागणारा गवंडी होय.

‘एच-१बी’ हा दुसरा मार्ग आहे. त्यात रुग्णालय स्वतः अर्ज करते. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील अध्यक्षांनी नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची आकारणी जाहीर केली. त्यामुळे ती वाट अधिकच अवघड झाली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जे-१ साठी आपल्या भारत सरकारच्या आरोग्य मंत्रालयाचे एक पत्र लागते. या शास्त्रातील तज्ज्ञांची देशाला गरज आहे, आणि शिक्षण संपल्यावर मी परत येईन अशी लेखी हमी या डॉक्टरने दिली आहे, असा त्याचा आशय. शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अटही असते. ही अट माफ होण्याचे जे मार्ग आहेत, त्यांतील एक ऐकण्याजोगा आहे : तीन वर्षे अमेरिकेतील डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात सेवा करावयाची. प्रत्येक राज्याला दरसाल असे तीस डॉक्टर घेता येतात. म्हणजे त्या धनाढ्य देशातही विसरवाड्या आहेतच, आणि तेथे जावयास त्यांचेही डॉक्टर पुरत नाहीत!

येथे आम्हांस आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ मध्ये प्रयाणापूर्वी सेरामपूर येथे त्यांनी जाहीर भाषण केले. हिंदुस्थानात स्त्री-डॉक्टरांची निकड आहे, म्हणून आपण जातो, असे त्यांनी सांगितले. रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना घरी ठेवून घेतले. त्याच त्यांच्या पुरस्कर्त्या. १८८६ मध्ये त्याच फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती. परंतु त्या क्षयाने खंगून परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यास निवर्तल्या. वचन पाळावयास आयुष्य पुरले नाही. रखमाबाईंना ते पुरले. लंडनमध्ये शिकून त्या परतल्या आणि सुरतेस स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. आपल्या गावावरून जाणारा हमरस्ता त्याच सुरतेस पोहोचतो.

मुलांनी जाऊ नये असे आमचे मुळीच म्हणणे नाही. विद्या जेथे असेल तेथे जावे. परत येणे न येणे हा ज्याच्या त्याच्या विवेकाचा प्रश्न. काहींना संसार, काहींना संशोधन तेथेच बांधून ठेवते. परंतु वचनाचा कागद न वाचता त्यावर सही करू नये, एवढेच मागणे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेलसारखा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ‘देशाला गरज आहे’ हे त्या पत्रातील शब्द आपल्या भागापुरते तरी अक्षरशः खरे आहेत.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. एक, दलालास देण्यासाठी शिक्षणनिधीतून एक पैसाही मिळू नये. परीक्षेच्या शुल्कासाठी मात्र परतफेडीच्या बोलीवर कर्ज द्यावे. दुसरी, असा कोणताही कागद आला, तर त्या वाटेने गेलेल्या आपल्याच डॉक्टर मुलामुलींकडून तो वाचून घ्यावा. आमच्यासारख्या मॅट्रिकवाल्याच्या ‘ठीक दिसते’वर विसंबू नये.

ती कन्या आज या मंडपात बसली आहे. परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. येत्या मार्चमध्ये निवडीचा निकाल कळेल. तिला आपणां सर्वांचे आशीर्वाद असोत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!