रॉकेट किती उंच गेलं?

बाटलीत थोडं पाणी, वर सायकलच्या पंपाची हवा, की मुलींचं रॉकेट सुटतं. पण किती उंच गेलं, यावर नुसती भांडणं! म्हणून आमच्या गटाने मुलींसोबत बसून उंची मोजायचं यंत्र जुळवलं.

त्यातला बीएमपी२८० हा सेन्सर नखाएवढा. तो मोजतो हवेचा दाब. वर जाल तशी हवा विरळ; महाबळेश्वरला डाळ उशिरा शिजते ती त्यामुळेच. आपल्या पठारावर सुमारे ९ मीटर चढलं की दाब १ मिलिबारने उतरतो. आर्डुइनोचं छोटं कार्ड हा हिशेब करून सर्वांत मोठी उंची जपून ठेवतं. दाब दिवसभर बदलतो, म्हणून उडवण्याच्या जरा आधी जमिनीवरची उंची शून्य धरायची.

खरी मेख भोकात आहे. कप्पा हवाबंद असेल तर आकडा खोटा. भोक टोकाला पाडलं तर वारा आत घुसतो, उंची कमी दिसते. ते टोकाखाली, सरळ बाजूवर, गरम दाभणाने पाडा. सेन्सरवर ऊन नको.

आणि पंप मारताना मुलींना लांब उभं करा. बाटलीला भेग दिसली की ती भंगारात.