गायरानातली पालं

गेल्या श्रावणात आमच्या गटाच्या बैठकीत हप्ते बाजूलाच राहिले आणि भांडण पेटलं ते पालांवरून. शाळेमागच्या गायरानात सहा पालं पडली होती. जात्या-पाट्यांना टाकी लावणारी वडार कुटुंबं. आता जातं कोण वापरतं? म्हणून मिळेल ती मजुरी करतात. पालं उठवायचा ठराव ग्रामसभेत यायचा होता.

खोटं कशाला सांगा, आमच्यातल्या निम्म्याजणी ठरावाच्या बाजूनं होत्या. गायरान आपल्या शेरडांचं, शाळेमागं घाण होते, आज सहा आहेत ती उद्या साठ होतील. यातलं काही उगाच नव्हतं. तेवढ्यात एक म्हातारी म्हणाली, "घरात संडास यायच्या आधी आपण कुठं जात होतो गं?" बैठक गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी पालांवर गेलो. तोवर गावातलं कुणीच गेलं नव्हतं. पाणी कुठून आणता विचारलं, तर म्हणाल्या, उजाडायच्या आत नळावर जातो, कुणी बोलायला नको म्हणून. एका पालात पंधरा दिवसांची बाळंतीण, खाली ओल. रेशनकार्ड विचारलं. पत्ता नाही म्हणून कार्ड नाही, आणि कागद नाहीत म्हणून घरकुलाच्या यादीत नाव नाही.

हा प्रश्न मुंबईत फार आधी कोर्टात गेलाय. 1981 च्या जुलैत, भर पावसात, फुटपाथवरच्या लोकांना उठवून गावाकडं धाडायचं सरकारनं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयानं 1985 साली निकाल दिला. फुटपाथ अडवायचा हक्क कुणालाच नाही, असं कोर्ट म्हणालं. पण पोट भरणं हाही जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असंही म्हणालं, आणि पावसाळा सरेपर्यंत, 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्यांना हात लावू नका असं सांगितलं. त्याच सुमाराला भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बाया महिला मिलन म्हणून एकत्र आल्या. आपल्यासारखीच रुपया-दोन रुपये बचत करत, घरासाठी. त्यांतल्या कित्येकींना पक्की घरं मिळाली, पण त्यात वीसेक वर्षं गेली.

आमचंही म्हणणं तसंच झालं. गायरान गावाचंच, ते कुणाच्या नावावर करा असं आम्ही म्हणत नाही. पण बाळंतिणीला पावसात उठवायचं नाही. ग्रामसभेत आम्ही एकवीसजणी बसलो. बरीच बोलणी खाल्ली, त्यात आमच्या घरचेही होते. शेवटी ठरलं ते असं: दिवाळीपर्यंत राहू द्यायचं, पालं शाळेमागून ओढ्याच्या अंगाला न्यायची, आणि नळावर दिवसाउजेडी पाळी द्यायची. संडासाचं मात्र जमलं नाही. शाळेच्या संडासाची किल्ली द्यायला कुणी तयार झालं नाही.

वडारांसारख्या विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि वर घर. अर्ज लिहायला बसलो, तर जातीचा दाखला हवा, आणि दाखल्याला 1961 च्या आधीचा पुरावा. दोन कुटुंबांना आज्याच्या शाळेचा कागद सापडला. चौघांचं अडलंय. तुमच्या गावात कुणी पंचनामा करून, गृहचौकशीवर असा दाखला मिळवला असेल, तर केंद्रावर निरोप ठेवा. आम्ही येऊन समजून घेऊ.