सूर्याचा सातबारा कुणाच्या नावावर?

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी इथं वस्तीच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलताना आलं तसंच छापलं आहे.)



आज विषय विजेचा आहे. विजेवर बोलायचं म्हटलं की आपलीच पोरं म्हणतात, ह्यात कसली आली चळवळ, हे तर वायरमनचं काम. म्हणूनच बोलायचं. जे जे आपण दुसऱ्याचं काम म्हणून सोडलं, ते ते पाटलाच्या ओसरीवर, ठेकेदाराच्या वहीत आणि आता कंपनीच्या कचेरीत जाऊन बसलं.

तुमच्या वालूरची बारव बघायला लांबून लांबून माणसं येतात. फोटो काढतात. कारागिरी मोठी आहे, कोण नाही म्हणतो? पण पाणवठा दिसला की आपल्या माणसाला पहिला सवाल वेगळाच सुचतो : दगड कुणी वाहिले आणि पायऱ्या उतरायची मुभा कुणाला होती? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ भरली, ती सार्वजनिक वस्तूवर आपला हक्क आहे एवढं जगाला सांगायला. आता पाण्याच्या जागी वीज ठेवा. लाईन गावातून येते, वस्तीत शेवटी पोचते. शेवटच्या खांबावर दाब कमी, पंखा रखडतो, बल्ब पिवळा पडतो. डीपी जळाली तर पहिला फोन कुणाचा उचलला जातो, ते मी सांगायला नको.

बाबासाहेबांना आपण घटनेपुरते आणि पुतळ्यापुरते ठेवले. १९४२ ते १९४६ ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते आणि विजेचं धोरण त्यांच्याच खात्याकडे होतं. २५ ऑक्टोबर १९४३ ला धोरण समितीपुढं बोलताना त्यांनी सवाल टाकला, की विजेची मालकी खाजगी असावी की सरकारी? त्यांचं म्हणणं सरळ होतं. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर कारखानदारी वाढायची नाही, आणि कारखानदारी वाढल्याबिगर इथला माणूस दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटायचा नाही. म्हंजे वीज हा त्यांच्या लेखी मुक्तीचा सवाल होता. १९४८ ला वीजपुरवठ्याचा कायदा झाला, १९६० ला महाराष्ट्राचं वीज मंडळ झालं, २००३ ला नवा कायदा आला, २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या. पाट्या बदलल्या. शेवटचा खांब मात्र आपल्याच वस्तीत राहिला.

आता ऊन बघा. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचं औष्णिक केंद्र आहे. कोळसा बाहेरून आणायचा आणि पाणी आपल्या दुष्काळी मुलखाचं वापरायचं. २०१५ ला पाणीच नाही म्हणून ते बंद ठेवावं लागलं. वर सूर्य तळपतच होता. मराठवाड्याला पाऊस फसवतो, ऊन कधी फसवत नाही. त्या उन्हात बिनचपलेचं राबायचं आपण, आणि त्याची वीज करून विकायची दुसऱ्यानं? ह्या सूर्याचा सातबारा अजून कुणाच्या नावावर चढलेला नाही. चढायच्या आत आपलं नाव लागलं पाहिजे.

कसं लागंल? हिशेबानं. घोषणेनं पॅनल बसत नाही.

एक किलोवॅटचं सौर पॅनल दिवसाला साधारण ४ युनिट देतं. त्याला शंभरेक चौरस फूट मोकळं छत लागतं. फेब्रुवारी २०२४ ला केंद्रानं सूर्यघर योजना आणली. एका किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,०००, तीन आणि त्यावर ७८,००० अनुदान. त्यावर २०२५ ला राज्यानं ‘स्मार्ट’ योजना काढली. दारिद्र्यरेषेखालच्या आणि महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असणाऱ्या घरांसाठी ती आहे. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरला, तर दारिद्र्यरेषेखालच्या घराला राज्य १७,५०० देतं, म्हंजे पदरचे २,५०० भरायचे. शंभर युनिटांच्या आतल्या अनुसूचित जाती-जमातीच्या घराला राज्य १५,००० देतं, पदरचे ५,०००. कागदावर झकास आहे.

पण कागद वाचायची सवय लावून घ्या. अनुदान मीटरवर मिळतं, माणसावर नाही. मीटर पाहिजे, ते नावावर पाहिजे, बाकी नको, छत मजबूत पाहिजे. आता वस्तीत फिरा. मीटर मेलेल्या आजोबाच्या नावावर. घराचा उतारा नाही. पत्रे असे, की त्यावर मांजर चढलं तरी वाजतात. चार वर्षांची बाकी व्याजासकट उभी. पैसे सरकारनं ठेवले, आणि पोचायची वाट मात्र ज्याच्याकडं आधीच सगळं आहे त्याच्या दारावरून नेली. जात आता ‘शिवू नको’ म्हणत नाही. ‘पात्रतेत बसत नाही’ म्हणते.

दुसरी गोष्ट. विकणारे गावात येतात, सांगतात पॅनल बसवा, अंधार गेला. सपशेल खोटं. साधं पॅनल लाईनला जोडलेलं असतं. लाईन गेली की तेही बंद पडतं. तसंच बनवलेलं असतं, नाहीतर खांबावर काम करणारा वायरमन मरंल. भारनियमनातही दिवा पाहिजे असंल तर बॅटरी लागते, आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. तिचे पैसे पहिल्या महिन्यापासून बाजूला टाकले नाहीत, तर त्या दिवशी अंधार ठरलेला.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यात धरनई गाव आहे. २०१४ ला एका संस्थेनं तिथं १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभारला. देशभर गाजला. बॅटऱ्या लवकर दमल्या, दर सरकारी विजेपेक्षा महाग पडला. लोक म्हणाले, आम्हाला खरी वीज द्या. पुढं सरकारी लाईन आली आणि प्रकल्प तसाच पडून राहिला. त्यात लोकांचा दोष नव्हता. गरिबाला महाग आणि कच्ची वीज द्यायची आणि वर म्हणायचं हे पर्यावरण आहे, हे आपण चालू द्यायचं नाही. आपल्याला सूर्याची वीज पाहिजे, पण ती स्वस्त पाहिजे आणि बाराही महिने भरवशाची पाहिजे. दोन्ही अटी सोडायच्या नाहीत.

मग काय करायचं? एकट्यानं घ्यायचं नाही. एकटा गेला की तो लाभार्थी होतो. चाळीस घरं मिळून गेली की ती गिऱ्हाईक होतात, आणि गिऱ्हाइकाला भाव विचारता येतो.

तमिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात ओदनतुराई नावाची पंचायत आहे. २००६ ला तिनं बँकेचं कर्ज काढून ३५० किलोवॅटची पवनचक्की विकत घेतली. किंमत दीड कोटीच्या घरात. पंचायतीला लागंल तेवढी वीज वापरून उरलेली मंडळाला विकली, आणि त्यातून कर्ज फेडलं. आपल्याकडं जुन्नर तालुक्यात दरेवाडी आहे, डोंगरातली वाडी, ३९ घरं. २०१२ ला तिथं ९.४ किलोवॅटचं सौर केंद्र झालं. घरोघर मीटर बसवले, वापरंल तेवढं बिल, आणि पैसे गावच्याच ट्रस्टकडं, देखभालीसाठी. धरनई आणि दरेवाडीत सूर्य तोच. फरक हिशेबाच्या वहीचा.

सहकाराचं नाव घेतलं की मात्र सावध व्हा. आपल्या नगर जिल्ह्यात श्रीरामपूरला मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. चाळीसेक वर्षं चालली. २०११ ला तिचा पुरवठा महावितरणकडं गेला, तेव्हा थकबाकी दोन हजार कोटींच्या वर होती. वही दर महिन्याला चारचौघांत वाचली गेली नाही तर सहकार म्हंजे नव्या पाटलाची जुनी ओसरी. आपल्या गटाची वही बायांच्या हातात राहील आणि दर पौर्णिमेला विहारात मोठ्यानं वाचली जाईल, ही पहिली अट.

आता वस्तीचा हिशेब मांडू. समजा विहाराचं आणि समाजमंदिराचं मिळून १,२०० चौरस फूट पक्कं छत आहे. त्यावर १२ किलोवॅट बसतं. दिवसाला ४८ युनिट. चाळीस घरांत वाटलं तर घरटी सव्वा युनिटाच्या आसपास, महिन्याला ३६. दोन दिवे, एक पंखा आणि पोराच्या अभ्यासाला पुरतं. ज्याचं छत पत्र्याचं आहे, त्याचा वाटा विहाराच्या छतावर. वीज लाईनमध्ये सोडायची आणि तिचे युनिट घरोघरच्या बिलातून वजा करून घ्यायचे. ह्याला व्हर्च्युअल नेट मीटरिंग म्हणतात. नाव मोठं आहे, मतलब छोटा : पॅनल एका ठिकाणी, वजावट अनेक मीटरवर. सूर्यघरच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत ही रीत धरलेली आहे, राज्याच्या आयोगाच्या नियमाप्रमाणं ती मागायची. साहेब तोंडी नाही म्हणाले तर म्हणायचं, लिहून द्या. सरकारी कचेरीत ‘लिहून द्या’ ह्या दोन शब्दांना जेवढं भितात, तेवढं मोर्चालाही भीत नाहीत. आणि युनिट शून्यावर आले तरी स्थिर आकार भरावा लागतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे पहिल्या बिलाला कुणी फसलो म्हणणार नाही.

शेवटचा मुद्दा, आणि हाच खरा. गायरान.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतपंपांना दिवसा वीज द्यायची म्हणून गावोगाव सौर केंद्रं उभी राहतायत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री पाणी द्यायला जाताना त्याला साप चावू नये, ही मागणी आपलीही आहे. पण जमीन कुणाची जाते ते बघा. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, आणि वर दरसाल तीन टक्के वाढ. सरकारी जमीन, गायरान, नाममात्र भाड्यानं. आणि गायरान कसतंय कोण? दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहात १९५९ ला आणि १९६४ ला ज्यांचे आजे जेलात गेले, ते. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची गायरानावरची कसवणूक कायम करायचं ठरलं. किती जणांच्या हातात अजून पट्टा नाही, ते हात वर करून दाखवा. बघा. ज्याचा सातबारा आहे त्याला भाडं, ज्याचा घाम आहे त्याला नोटीस. सर्वोच्च न्यायालयानं २०११ ला गावची सामाईक जमीन मोकळी करा असा निकाल दिला, त्यातही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारनं दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला आहे. तो अपवाद आपल्या वकिलाला पाठ पाहिजे.

आपण सूर्याच्या विजेच्या विरोधात नाही. आपली भाकर हिसकावून पेटवलेल्या दिव्याच्या विरोधात आहोत. जिथं गायरानावर केंद्र होतंय, तिथं आधी कसणाऱ्याचा पट्टा, मग पॅनल. आणि योजनेत ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, तीन वर्षं मिळतात. त्यातला वस्तीचा वाटा ग्रामसभेत ठरावानं मागायचा.

तर कामं वाटून घ्या. पोरांनी आठ दिवसांत घरोघरची यादी करायची : मीटर कुणाच्या नावावर, बाकी किती, छत कसलं. ज्याच्याकडं मीटर नाही त्यानं लेखी अर्ज करून पोच घ्यायची. मागंल त्याला जोडणी देणं २००३ च्या कायद्यानं वीज कंपनीचं कर्तव्य आहे. बाकीसाठी वायर तोडायला आले तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस दाखवा म्हणायचं, तोही कायदाच. बायांनी वही उघडायची, महिन्याला ५० रुपयांनी सुरुवात. गायरान कसणाऱ्यांनी जुनी पावती, पंचनामा, पिकाची नोंद, जो मिळंल तो कागद जमवायचा. यादी झाली की चाळीस अर्ज एकाच दिवशी, एकाच कचेरीत, चाळीस माणसांनी नेऊन द्यायचे.

पूर्वी गावाचा उजेड वस्तीला उरलासुरला मिळायचा. तो आपण मागून घेतला. आता उजेड आपल्या छतावर पिकवायचा, आपल्या वहीत मोजायचा आणि जास्त झाला तर गावाला विकायचा.

यादीचं काम उद्या सकाळी सातला विहारापासून सुरू. ज्याला लिहिता येतं त्यानं पेन आणावा, ज्याला येत नाही त्यानं घरं दाखवावीत.

जय भीम!